डिलिकेट म्हणजे महाग

स्वयंपाकघराचं दार. तपकिरी तेलरंगाचं. त्याच्यावर खडू उठत नाही.

डॅमेज म्हणजे पगारातून.

टेबलापलीकडे तिघं बसलेत. मधला इतका हसतोय की त्याला चष्मा काढून डोळे पुसावे लागतात.

खोक्यांना आवळायची पत्र्याची पट्टी हवेत फिरवली की आवाज करते. अंगावर आली की तो आवाज बंद होतो.

"काका, हा चमचा. बघा तरी इकडे. बरं, चमचा नको. हा कंगवा."

डिअर म्हणजे ज्याच्याकडून काम काढायचंय तो.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं मावशी म्हणाली आणि पुढच्या खाटेची चादर बदलायला गेली.

या सगळ्याचा एकमेकांशी काय संबंध, असं कुणी धाकटीला विचारलं असतं, तर तिने विचारणाऱ्याच्या थोबाडीत दिली असती. त्या दिवसांत ती कुणाच्याही थोबाडीत देण्याच्या बेतात होती. कोण समोर येतंय, एवढाच प्रश्न होता.

धाकटी म्हणजे घरातली धाकटी. पन्नाशीला टेकली होती, केस पांढरे झाले होते, पण थोरला जिवंत आहे तोवर धाकटी ती धाकटीच. एका चष्मेवाल्याच्या दुकानामागच्या खोलीत ती काचा घासायची. चाक फिरतंय, चाकावर पाण्याची धार, आणि काच फ्रेमच्या मापाची होईपर्यंत बोटांत धरून बसायचं. रागावलेल्या माणसाने करायचं काम नव्हे ते. तरी अर्धं आयुष्य ती तेच करत आली होती आणि अर्धं आयुष्य रागावलेलीच होती.

तिचे वडील, अप्पा, दाढी करताना पडले. एक गाल गुळगुळीत, एका गालाला साबण, अशा अवतारात त्यांना दवाखान्यात नेलं. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. अंग गेलं हे लोकांना पटलं, बोलणं गेलं हे पटेना. गोदामातला एक जुना सोबती मुद्दाम बघायला आला, खाटेशी बसून खात्री करून घेतली आणि जाताना जिन्यात म्हणाला, "चला, जन्मात एकदा तरी माझी बोलायची पाळी आली."

दवाखान्यात बोलणं शिकवायची वेगळी खोली होती. दोन खुर्च्या, एक आरसा, चित्रांच्या पत्त्यांचा एक डबा. शिकवणाऱ्या मॅडम वयाने धाकटीच्या लेकीसारख्या. बाह्या दुमडलेल्या, आवाज मऊ, चिकाटी मुंगीची. त्यांनी चमचा दाखवला, कंगवा दाखवला, कुत्रा दाखवला. अप्पांनी भिंतीकडे तोंड केलं. मोठमोठ्या साहेबांशी ज्याने टक्कर घेतली, त्याने आता कुत्र्याला कुत्रा म्हणायचं?

"त्यांना आवड कशाची होती, ताई?" मॅडमनी विचारलं.

"शब्दांची," धाकटी म्हणाली. "इंग्रजी शब्द आणि त्यांचे अर्थ. एका वेळी एक अक्षर."

तिने हे दात आवळून सांगितलं होतं. मॅडमना मात्र केवढा आनंद झाला. लहानपणी किंवा तरुणपणी घोकलेलं कधी कधी शाबूत राहतं म्हणाल्या. एकाच अक्षराचे शब्द घेतले तर एक दुसऱ्याला ओढून आणतो म्हणाल्या. "कुठलं अक्षर घेऊ?"

"डी," धाकटी म्हणाली. सव्वीस अक्षरांतलं तेच का निघालं तोंडातून, ते तिला ठाऊक होतं. ज्या दाताला कीड, तिथेच जीभ जाते.

मॅडम अप्पांच्या समोर वाकल्या. "डिलिकेट."

अप्पांची नजर भिंतीवरून सुटली.

"डिलिकेट म्हणजे काय, काका?"

वाकड्या झालेल्या तोंडातून, ओल्या लाकडाला जाळ लागावा तसा, एक शब्द धुमसत बाहेर आला. "म…हाग."

मॅडमनी टाळी वाजवायला हात उचलले आणि तसेच खाली घेतले.

"डॅमेज?"

"प…गार."

"डिले?"

"सा…हेब."

बाहेर आल्यावर मॅडम धाकटीचा दंड धरून हळू आवाजात म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नका, ताई. शब्द येतायत. पण अर्थाची जोडणी तुटलीय. कुठलाही अर्थ कुठल्याही शब्दाला चिकटतोय. आतलं कपाट कुणी उपडं करावं, तसं झालंय."

"मग आता?"

"पुढच्या आठवड्यात मोठे डॉक्टर बघतील. इथली शिकायची खुर्ची एक, माणसं फार. अर्थ लागतोय असं दिसलं तर खुर्ची राहील. नाहीतर मागच्या वॉर्डात."

मागचा वॉर्ड धाकटीने पाहिला होता. खिडक्या उंचावर. वेळेवर भरवतात, वेळेवर पुसतात, वेळेवर कूस बदलतात. हाल नाहीत काही. फक्त तिथे कुणाला काही विचारत नाहीत.

"हं," धाकटी म्हणाली.

एका वाक्यात सांगता आलं असतं तिला. कारण अप्पांचं एकही उत्तर चुकलं नव्हतं. डिलिकेट म्हणजे महाग, डॅमेज म्हणजे पगारातून, डिले म्हणजे साहेबाची चूक. पैकीच्या पैकी.

ती चपला घालून कामावर गेली.

*

अप्पा गोदामात हमाल होते; पुढे हमालांचे मुकादम झाले. आत बसणाऱ्यांना इंग्रजी वाचता यायचं आणि बाहेर उचलणाऱ्यांना उचलता यायचं, अशी तिथली वाटणी. अप्पांना ती वाटणी मान्य नव्हती. खोक्यांवर छापलेली अक्षरं त्यांनी एकेक करून ओळखीची करून घेतली. कुणाला विचारलं मात्र नाही. विचारायचं म्हणजे खाली मान घालायची, आणि अप्पांची मान त्या कामासाठी घडलेली नव्हती.

मग अर्थ कुठून आणले? जे डोळ्यांना दिसलं त्यातून. 'डिलिकेट' छापलेला खोका उतरायला लागला की साहेब स्वतः उन्हात येऊन उभा राहायचा. साहेब उन्हात कशासाठी येईल? महाग वस्तूसाठी. झालं. 'डिले' हा शब्द साहेब फोनवर शिव्या खाताना कानावर यायचा. म्हणजे साहेबाची चूक. 'डिस्कस' करायला आत बोलावलं की माणूस लाल कान घेऊन बाहेर यायचा, म्हणजे झापणं. डिपार्टमेंट म्हणजे आपलं काम नाही. डिसिजन म्हणजे आधीच ठरलेलं. आणि ड्यूटी म्हणजे जी उरकल्याशिवाय घरी जाता येत नाही ती. अंगात ताप असो, घरात मयत असो, अप्पांनी ड्यूटीला खाडा केला असं कुणी पाहिलं नव्हतं.

गोदामात त्यांना 'डिक्शनरी' म्हणायचे. म्हणणारे चेष्टेने म्हणायचे. अप्पा ते बिल्ल्यासारखं छातीवर लावून फिरायचे.

आणि मग हे सगळं ते घरी घेऊन यायचे.

स्वयंपाकघराचं दार तेव्हा कोऱ्या लाकडाचं होतं. त्यावर अप्पा खडूने एक अक्षर काढायचे, आठवडाभर तेच अक्षर. अक्षराखाली शब्द. अर्थ लिहायचे नाहीत, अर्थ तोंडी. जेवायला बसलं की दोन्ही पोरांची ताटं अप्पांच्या पुढ्यात. अप्पा शब्द विचारणार, पोराने अर्थ सांगायचा, मग ताट सरकणार. अक्षर झाल्याशिवाय ताट नाही. आई पळी हातात धरून उभी असायची. पळीतलं वाढायचं की नाही हे तिच्या हातात नव्हतं.

थोरला हुशार. त्याला अर्थाशी देणंघेणं नव्हतं, ताटाशी होतं. अप्पा म्हणतील ते धडाधडा म्हणून मोकळा व्हायचा. धाकटी मात्र ऐकलेलं मनात धरून बसणारी. डीच्या आठवड्यात नेमका शाळेत डिलिकेट शब्द आला. मास्तरांनी फळ्यावर लिहिला, अर्थ सांगितला, आणि धाकटीला वाटलं, घरी जाऊन अप्पांना सांगितलं तर अप्पा खूश होतील.

"डिलिकेट?"

"नाजूक," धाकटी म्हणाली.

पळीतून एक थेंब खाली पडला.

"काय म्हणालीस?"

"नाजूक. मास्तर म्हणाले, नाजूक म्हणजे—"

"नाजूक वस्तूसाठी साहेब उन्हात येतो होय?"

"पण मास्तर—"

"मास्तराने कधी खोका उचललाय? उचललाय का खोका, सांग! चल, महाग म्हण."

"नाजूक."

खोक्याची पट्टी दारामागे खिळ्याला टांगलेली असायची. त्यानंतर जिन्यात. जिन्यात उजेड नव्हता, शेजारी येता-जाता बघायचे आणि बघितलं नाही असं दाखवायचे. थोड्या वेळाने थोरला दार किलकिलं करून कुजबुजला, "अगं ए शहाणे, महाग म्हण आणि ये ना आत. तुझं काय जातंय?"

तुझं काय जातंय! तिचं काय जात होतं ते तिला तेव्हा सांगता आलं नाही. ती आत गेली, महाग म्हणाली, जेवली. तो घास अजून तिच्या घशाखाली उतरलेला नव्हता.

पुढे ती शहाणी झाली. शाळेचे अर्थ एका खिशात, घरचे दुसऱ्या खिशात. शाळा संपली तरी दार संपलं नव्हतं. आणि मग अप्पांनी जन्मभराच्या ओळखीपाळखी वापरून, चार डिअर साहेबांचे उंबरे झिजवून, माल वाहून नेणाऱ्या एका कचेरीत तिची मुलाखत ठरवली. आत बसणाऱ्यांतली जागा. अप्पा स्वच्छ शर्ट घालून बरोबर आले आणि दाराबाहेर उभे राहिले.

टेबलापलीकडे तिघं. मधल्याने सोपंच विचारलं. "माल डिले झाला, गिऱ्हाइकाने कारण विचारलं, तर काय सांगाल?"

उत्तर तिला येत होतं. पण त्याच क्षणी दाराबाहेर अप्पा खोकले. ताट पुढ्यात घेऊन खोकायचे तसे. आणि भलताच खिसा उघडला.

"साहेबाची चूक," धाकटी म्हणाली.

तिघंही हसले. तिथे थांबले असते तरी चाललं असतं. पण गंमत सुरू झाली की गमतीला ब्रेक नसतो. डावीकडच्याने विचारलं, डिसिजन? उजवीकडच्याने विचारलं, डिस्कस? आणि ती चावी दिलेल्या बाहुलीसारखी बोलत राहिली. आधीच ठरलेलं. झापणं. आपलं काम नाही. मधल्याने चष्मा काढला.

परतताना अप्पा पुढे, ती मागे. सबंध रस्त्यात ते एकच वाक्य बोलले, तेही मागे न वळता. "त्यांना काही येत नाही."

बास. चूक झाली नाही, वाईट वाटलं नाही, काही नाही. त्यांना काही येत नाही! ती घरी पोचायच्या आत गोष्ट गोदामात पोचली होती. "काय डिक्शनरी, दुसरी आवृत्ती कधी?" अशी चेष्टा बरेच दिवस चालली म्हणे. चालू दे. तिला त्याचं काही नव्हतं. तिने नोकरी शोधली ती अशी, जिथे चाकाच्या आवाजात कुणी काही विचारत नाही.

*

थोरल्याचा फोन आला तेव्हा तिच्या हातात सगळ्यात पातळ जातीची काच होती.

"मग काय म्हणतात डॉक्टर?" थोरला दूर देशी असायचा, तिकडून त्याचा आवाज नेहमी नुकतंच पोटभर जेवल्यासारखा यायचा.

"मागच्या वॉर्डात टाकतील बहुतेक."

"चांगलंच आहे की. सगळी सोय होते. तुलाही जरा सुटका."

"दादा, तुला डीचा आठवडा आठवतो?"

"कसला आठवडा?"

"दारावरचा. डिलिकेट म्हणजे काय रे?"

"नाजूक. का गं?"

"आणि घरी?"

"घरी काय?" तो हसला. "हां, अप्पांचं ते काहीतरी असायचं! ते सगळं मी कधीच विसरलो बुवा. तू पण ना, काय काय उकरून काढतेस. सोडून द्यावं माणसाने."

सोडून द्यावं! उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला काय जातंय सोडून द्यायला. मार दोघांनी खाल्ला. नाही, तिने खाल्ला, त्याने जेवण खाल्लं. आणि आता त्याला आठवतही नव्हतं. म्हणजे आख्ख्या जगात त्या भाषेची माणसं दोनच उरली होती. एक ती आणि एक तो म्हातारा. दुसरी तिसरी कुठली नव्हे, हीच भाषा मिळाली होती तिला वारशात. घर नाही, दागिना नाही. डॅमेज म्हणजे पगारातून!

चाकावर काच कट् करून बोलली. कडेचा टवका उडाला.

चष्मेवाला पडदा सारून आत आला, काच उजेडात धरून पाहिली. "बाई, ही सगळ्यात पातळ होती. ही डॅमेज कुणाच्या नावावर लिहू?"

"माझ्या पगारातून," धाकटी म्हणाली, आणि आपल्याच तोंडून काय निघालं ते ऐकून तिच्या डोक्यातली शीरच उठली.

तिने तेव्हाच ठरवलं. मोठ्या डॉक्टरांसमोर तोंड उघडायचं नाही. खोटं बोलायचं नाही, खरं बोलायचं नाही. नुसतं बसायचं. जन्मभर त्यांनी आपल्याला चूक ठरवलं. एकदा जगाने त्यांना चूक ठरवू दे. भिंतीकडे तोंड करून पडू दे मागच्या वॉर्डात. तिथे ताटासाठी अर्थ विचारत नाहीत, नशीब म्हणायचं.

*

मोठे डॉक्टर माणूस वाईट नव्हते. दमलेले होते, एवढंच. सकाळपासून खुर्च्या कुणाला द्यायच्या हेच बघत होते. त्यांच्या शेजारी मुख्य नर्स. मॅडम अप्पांच्या समोर. धाकटी भिंतीशी स्टुलावर, ओठ शिवल्यासारखे मिटून.

"काका, डिसिजन म्हणजे?" मॅडमनी विचारलं.

"आ…धीच."

"आधीच काय?"

"ठर…लंय."

डॉक्टर नर्सकडे वळले. "आपल्या मीटिंगांबद्दल मात्र बरोबर सांगतायत हं." नर्स हसली.

"डिस्कस?"

"झा…प."

"डिअर?"

"काम… काढ."

आता डॉक्टरांनाही आवरेना. काही मनात धरून नव्हे. दमलेला माणूस हसतो तसे ते हसले. हसता हसता त्यांनी चष्मा काढला आणि डोळे पुसले.

धाकटीने तो चष्मा बघितला. काचेची कड नीट घासलेली नव्हती. कुणा घाईच्या माणसाचं काम. तिला हे का दिसावं? आणि तो जुना घास आत्ताच का आठवावा? ज्याला हसतायत तो तिचा कुणी लागत होता म्हणून नव्हे. हसतायत ते अर्थांना. ते अर्थ तिने मार खाऊन मिळवले होते.

"एक शेवटचं," मॅडम म्हणाल्या. त्यांनी अप्पांची मान हळूच धाकटीकडे वळवली. "ह्या तुमच्या कोण, काका? हाही शब्द डीवरूनच. सांगा बघू. डॉ…"

अप्पांनी धाकटीकडे पाहिलं. पडल्यापासून त्यांनी तिच्याकडे असं सरळ पाहिलं नव्हतं.

"ड्यू…टी," अप्पा म्हणाले.

"ठीक आहे," डॉक्टर म्हणाले, आणि चष्मा घालून त्यांनी नर्सला खूण केली. "मागे हलवा."

स्टूल पडल्याचा आवाज झाला.

"चूक!" धाकटी ओरडली.

डॉक्टरांना वाटलं ते आपल्याला आहे. ते काही म्हणणार, तेवढ्यात ती त्यांना ओलांडून अप्पांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"चूक आहे सगळं तुमचं! तेव्हाही चूक आणि आत्ताही चूक! डिलिकेट म्हणजे नाजूक! म्हणा! म्हणा नाजूक!"

"म…हाग."

"नाजूक!"

"म…"

"नाजूक, नाजूक, नाजूक! सगळ्या जगात नाजूक!"

अप्पांचा डावा तळहात खुर्चीच्या हातावर आपटला. "महाग!"

कुठेही न तुटता. पडल्यापासूनचा पहिला अखंड शब्द. खोलीतल्या आरशालाही तो ऐकू गेला असेल.

"मास्तर म्हणाले नाजूक!"

"मास्तर!" अप्पांच्या मानेची शीर फुगली. "मास्तर… खो…का!" आणि डाव्या हाताने त्यांनी हवेत न दिसणारा खोका उचलून दाखवला. उचललाय का? उचललाय का त्याने कधी?

"ताई, हळू," नर्स पुढे आली. मॅडमनी तिला हाताने अडवलं.

"थांबा. कुठला खोका? काका कुठल्या मास्तरांबद्दल बोलतायत?"

"माझ्या!" धाकटी गर्रकन वळली. तिला कुणाला काही समजावून सांगायचं नव्हतं. तिला तक्रार करायची होती, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा समोर ऐकणारी माणसं होती. "माझ्या शाळेतले मास्तर! तुम्हाला काय वाटतं, हा माणूस विसरलाय? काही म्हणजे काही विसरलेला नाही! आमच्या घरात हेच अर्थ होते. ह्यांनी केलेले. गोदामात बसून, कुणाला न विचारता! बरोबर अर्थ सांगितला म्हणून ह्यांनी मला जिन्यात उभं केलंय. आणि तुम्ही हसताय? तुम्हाला हसायला काय जातं!"

डॉक्टरांनी मान खाली घातली, मग वर करून मॅडमकडे पाहिलं.

मॅडमनी आवाज न चढवता विचारलं, "ताई, डिपार्टमेंट म्हणजे तुमच्या घरी काय? माझ्या कानात सांगा."

धाकटीने सांगितलं. रागाने सांगितलं, कानात ओरडल्यासारखं.

मॅडम अप्पांकडे वळल्या. "काका, डिपार्टमेंट?"

"आप…लं नाही. काम."

आणखी दोन शब्द झाले. आधी कानात, मग खुर्चीत. दोन्हीकडून तेच. डॉक्टर पुढे सरकून बसले.

"म्हणजे जोडणी शाबूत आहे," ते सावकाश म्हणाले. "एवढंच नाही, भांडतायतसुद्धा. भांडायला फार अर्थ लागतो." मग नर्सला म्हणाले, "खुर्ची राहू दे. आणि सराव ताईंनीच घ्यायचा. ही भाषा दुसऱ्या कुणाला येत नाही."

धाकटी तोंड उघडं टाकून उभी राहिली. गप्प बसायचं, एवढं एकच काम होतं. तेही जमलं नाही.

अप्पांना परत खाटेवर निजवताना वॉर्डातली मावशी म्हणाली ते सुंभाचं. अप्पांनी ऐकलं. त्यांना ते आवडलं असावं, कारण शाबूत बाजूचा ओठ जरासा वर गेला. पडलो तरी नाक वर.

*

थोरल्याने फोनवर "वा, वा" केलं. "तू आहेस म्हणून सगळं निभावतंय हं," म्हणाला. तिने त्याचं वाक्य संपायच्या आत फोन ठेवला.

घरी आल्यावर तिने काच आखायचा खडू घेतला. सराव घ्यायचा तर शब्द काढून ठेवावेत म्हणून स्वयंपाकघराच्या दारावर मोठा डी काढायला गेली. खडू सर्रकन घसरला. तेलरंग. त्याच्यावर खडू उठत नाही हे ती विसरली होती. तिने खडू मोरीत फेकला.

दुसऱ्या दिवशी बोलण्याच्या खोलीत दोघंच. मावशीने चहाचा कप आणून ठेवला. धाकटीने तो उचलून आपल्या बाजूला घेतला.

"डिलिकेट?"

"म…हाग."

"आमच्याकडे महाग नाही. नाजूक. म्हणा."

अप्पांनी ओठ मिटले.

"म्हणा अप्पा. नाजूक. मग चहा."

कपातून वाफ येत होती. अप्पा कपाकडे बघत नव्हते. ते तिच्या हाताकडे बघत होते. तिनेही पाहिलं. कपावर आडवा ठेवलेला हात, अंगठा बाहेर, बोटं ताणलेली. ताटावर असायचा तो हात. तिच्या मनगटाला जोडलेला.

"बघताय काय?" ती खेकसली. "तुमच्याकडूनच शिकले."

ती वाट बघत राहिली. वाफ कमी झाली. मग तिने कप सरकवला. माफ करून नव्हे. चहा गार झाला असता तर दुसरा आणायला तिलाच जावं लागलं असतं.

अप्पांनी डाव्या हाताने कप धरला, अर्धा प्यायले, अर्धा हनुवटीवरून शर्टावर गेला. तिने पुसलं. जोरात पुसलं, काच पुसावी तसं, दोन्ही गालांवरून.

"उद्या परत डी," ती म्हणाली. "आणि परवा परत डी. नाजूक म्हणेपर्यंत डी. मी कुठे जात नाही आणि तुम्हालाही जाऊ देत नाही."

"ड्यूटी," अप्पा म्हणाले. न तुटता.

"तुमची," धाकटी म्हणाली. "माझी नव्हे. तुमची."

मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी अप्पांनी जन्मात एकदाच गोदामाला खाडा केला होता आणि स्वयंपाकघराच्या दाराला तेलरंग दिला होता.